परक्याचं सोंग

शिवांजलीचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे. दूधवाल्याने माप ओतलं की ती बोटावर एक थेंब घेऊन तो ओघळतो कसा ते आधी बघायची. कुणी फार गोड बोललं की तिच्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा. हा स्वभाव तिला बापाकडून आला होता. केजच्या बाजारपेठेत चन्नप्पांचं पेंड-सरकीचं दुकान होतं. नवा माणूस पायरी चढला की कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले चन्नप्पा गल्ला अलगद आत ढकलायचे आणि विचारायचे, "गाव कोणतं, पाव्हणं?" गाव कळलं की गल्ला मोकळा आणि चहा हजर. आडवंतिडवं उत्तर आलं तर त्या माणसाला पेंडीचं पोतं मिळायचं, पण बसायला स्टूल मिळायचं नाही.

दुकानाच्या वरच्या खोलीत शिवांजलीचं ऑफिस होतं. पुण्यात काही वर्षं कंपनीत काढून ती परत आली होती, आणि ती वर बसून नेमकं काय करते हे बाजारपेठेला शेवटपर्यंत कळलं नाही. ती चालवत होती 'तळ' नावाचं एक ॲप. ज्वारी निघून रानं मोकळी झाली की शेतकऱ्यांना आपल्या रानात मेंढरं बसवून हवी असतात. मेंढरांचा कळप, म्हणजे खांड, चार रात्री बसली की लेंडीखताने रानाचं भलं होतं. पण कोणती खांड आज कुठे उतरली आहे, हे शोधत शेतकरी मोटारसायकलवर उन्हातान्हात वणवण करायचे. आता मेंढपाळ आपल्या मुक्कामाचं, तळाचं, ठिकाण फोनवर टाकायचा, आणि ज्याच्या रानात खांड बसणार त्या शेतकऱ्याला एक लिंक जायची. लिंक उघडली की ठिकाण दिसायचं.

ठिकाण दिसलं की ते चोरालाही दिसू शकतं, हे काही शिवांजलीला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी सोमेश्वर तात्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली होती. तात्या म्हणजे या भागातल्या मेंढपाळांचा शब्द. ते म्हणाले होते, "आमी मेंढरं घेऊन उघड्यावर असतो, ताई. दार न्हाई, कुलूप न्हाई. आमचा तळ ज्याच्या रानात, त्यालाच दिसला पाहिजे. दुसऱ्या कुणाला न्हाई."

अट पाळली जाते की नाही हे बघायला शिवांजलीने टेस्ट लिहून ठेवल्या होत्या. टेस्ट म्हणजे काय, तर सर्व्हरच्या दारावर खोटी माणसं पाठवायची आणि तो कुणाला आत घेतो, कुणाला हाकलतो ते बघायचं. ही खोटी माणसं उभी करायला तिने छोटी छोटी फंक्शनं केली होती. नुसती हाक मारायची, की नाव, फोन, ओळखीचं टोकन सगळं लावून माणूस तयार. त्यांना हेल्पर म्हणतात. शिवांजली त्यांना सोंगं म्हणायची, जत्रेत काढतात तशी. मालकाचं सोंग, मेंढपाळाचं सोंग आणि परक्याचं सोंग. मालकाला ठिकाण दिसलं पाहिजे, परक्याला नाही. टेस्ट पास झाली की पडद्यावर हिरवी खूण, नापास झाली की लाल.

ऑफिसात तिच्याखेरीज एकच माणूस होता, गहिनीनाथ. मेंढपाळाच्या घरातला, अंबाजोगाईला कॉलेज केलेला. तात्यांनीच त्याला आणून घातला होता, त्यामुळे त्याची कुणी फार चौकशी केली नव्हती. त्याची आई अंजना अजून खांडीमागे चालत होती. नवा असताना त्याने एकदा परक्याचं सोंग उघडून विचारलं होतं, "ताई, ह्याला नाव हाय, फोन हाय. गावाची जागा कावून मोकळी?"

"गाव असतं तर तो परका कसा झाला असता?" शिवांजली हसत म्हणाली होती.

गहिनीनाथ हसला नाही. त्याने खुर्ची आपल्या टेबलाकडे वळवून घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी चन्नप्पांनी जेवता जेवता सल्ला दिला, की गाव सांगत नाही त्याला दारात उभंच करू नकोस. तिला तो पटला. ज्याने आपलं गाव भरलेलं नाही त्याला 'तळ'ने पहिल्याच पावलाला परत पाठवावं, असा नियम तिने घालून टाकला. बापलेक दोघंही त्या नियमावर खूश होते.

एका सकाळी सोमेश्वर तात्या जिना चढून वर आले. खांद्यावरची घोंगडी खाली ठेवली नाही, पाणी घेतलं नाही. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"दुसरी चोरी झाली," ते म्हणाले. "पयली युसूफ वडगावच्या शिवारात झाली तवा म्हणलं, रस्त्याकडंला तळ व्हता, दिसला आसंल कुणाला. पर आता दिंद्रुडला वढ्याच्या आत, बाभळीच्या आड बसलतो. दिस मावळताना गेलतो तिथं. पिकअप सरळ मेंढरांच्या जाळीपाशी येऊन हुभी ऱ्हायली. गाभण मेंढरं निवडून नेली. कुत्र्याला आधीच कायतरी खाऊ घातलं."

"कुणी पाहिलं असेल, तात्या. वाटेत कुणी..."

"ऐका. तळ दोघांलाच ठाव. ज्याच्या रानात बसलो तो शेतकरी, अन् तुमची मशीन. शेतकरी दोन्ही येळंला येगळे व्हते. मशीन एकच हाय." तात्यांनी गहिनीनाथकडे एकदाही बघितलं नाही, आणि ते न बघणंच शिवांजलीच्या नजरेत भरलं. "मला मशीनचं काय कळत न्हाई. मला नाव पाहिजे. कोण हाय, तेवढं सांगा."

ते गेल्यावर शिवांजलीच्या डोक्यात तेवढा एकच शब्द राहिला. नाव. मेंढपाळांत एकदा का नाव गेलं की ते तळातळावरून फिरतं. त्या नावाच्या माणसाला मग कुठल्या चुलीपाशी जागा मिळत नाही, आणि त्याच्या घरच्यांनाही मिळत नाही. तिने गहिनीनाथला पेंडीच्या बिलांच्या कामाला लावलं आणि सगळ्या टेस्ट चालवायला घेतल्या.

पडद्यावर हिरव्या खुणा उमटत गेल्या. मालक आला, आत घेतला. परका आला, हाकलला. प्रत्येक तळापाशी परका पाठवला, प्रत्येक ठिकाणाहून तो परत आला. तिने पुन्हा चालवल्या. पुन्हा हिरवंगार. एखादी ओळ लाल झाली असती तर तिला हायसं वाटलं असतं, इतकी ती त्या हिरव्याला वैतागली. पण पडदा काही खोटं बोलत नव्हता. दार बंद होतं. दार बंद असताना चोरी झाली, तर ती चावीने झाली. सर्व्हरच्या आत शिरून वाटेल तो तळ बघता येईल अशा चाव्या दोनच होत्या. एक तिच्याकडे, दुसरी गहिनीनाथकडे.

एकदा डोक्यात हे शिरल्यावर मग काय, ज्यात त्यात तिला खोट दिसायला लागली. गहिनीनाथ हल्ली फोन आला की गॅलरीत जातो. आपण दारात आलो की बोलणं आखडतो. परवा सुट्टी मागितली, कशाला ते सांगितलं नाही. नवे बूट घेतलेत. बूट तर सगळेच घेतात, असं तिने स्वतःला समजावलं, आणि पुन्हा त्याच्या बुटांकडे बघितलं.

जेवताना तिने आप्पांना विचारलं. चन्नप्पांनी भाकरी कुस्करता कुस्करता उत्तर दिलं, "गोदामातलं पोतं कमी भरलं तर मी हमालाकडं बघत न्हाई. कुलपाची चावी ज्याच्याकडं हाय त्याच्याकडं बघतो. पोरगं गुणाचं हाय गं. पर ह्या लोकांचं आज हितं, उद्या तिथं. काय धरायचं अन् काय सोडायचं?"

तिला ते ऐकायचंच होतं, म्हणून ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी तिने सापळा लावला. तिचे मामा बसवेश्वर लिंबागणेशला राहायचे. त्यांचं एक रान गावापासून लांब, पडीक पडलेलं होतं. तिने 'तळ'मध्ये सिदू नावाचा एक मेंढपाळ जन्माला घातला आणि त्याची खांड मामांच्या रानात उतरवली. खरं तर तिथे एक शेळीही नव्हती. ना कुठल्या शेतकऱ्याला लिंक गेली, ना कुणाला फोन. हा तळ दिसणार तो फक्त सर्व्हरच्या आत डोकावणाऱ्याला. तिने तिथली लिंक स्वतःच्या फोनवर उघडून बघितली. खूण बरोबर मामांच्या रानावर पडली होती. शेजारच्या टेबलावर गहिनीनाथ मान खाली घालून बिलं करत होता, आणि त्याच्या मानेकडे बघताना तिला वाईटही वाटत होतं आणि कधी एकदा सापडतो असंही झालं होतं.

सकाळी दुकानात गर्दी होती. मृगाआधीचे दिवस, बैलांना पेंड न्यायला शिवारातली माणसं आलेली. शिवांजली बापाशेजारी उभी असताना मामांचा फोन आला.

"अगं, मोकळ्या रानात कोण आलतं? गाडीची चाकं उमटल्यात. बांधावरचा काटा बाजूला फेकलाय. काय चोरायला आलते, धसकटं?"

झालं, सिद्ध झालं! तिने तिथंच, गल्ल्यापाशी उभ्या उभ्या सोमेश्वर तात्यांना फोन लावला. आवाज खाली ठेवायचं भान राहिलं नाही, की ठेवावासा वाटला नाही, कोण जाणे. "तात्या, नाव सापडलं. आमच्यातलाच आहे. गहिनीनाथ. त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं."

मग तात्या म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. दुकानातली माणसं पोती उचलायची थांबली होती. चन्नप्पांनी उगाचच तराजू पुसला.

गहिनीनाथ वर येऊन नुकताच खिडकी उघडत होता.

"लिंबागणेशच्या तळाचं कुणाला सांगितलंस?" तिने दारातूनच विचारलं.

"कुठला तळ? लिंबागणेशला आपली एकबी खांड न्हाई."

"रोज गॅलरीत जाऊन कुणाशी बोलतोस?"

तो खिडकीपाशीच थांबला. तिच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं असावं. "आमच्या माणसांशी बोलतो," तो म्हणाला. "पयल्या चोरीपासनं एकेकाला सांगतोय, ॲपमधी खरा तळ टाकू नका. एक शिवार पलीकडचा टाका."

"का?"

"कावून म्हंजी? आत बघायची चावी दोघांकडंच हाय. मी न्हाई केलं, ते मला ठाव हाय. मग राहिलं कोण, ताई?"

शिवांजलीला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. तिच्यावर कुणी संशय घेईल हे आजवर तिच्या मनाला शिवलं नव्हतं. संशय ही आपण दुसऱ्यावर घ्यायची गोष्ट, अशीच तिची समजूत होती.

"समद्यांनी ऐकलं माझं," गहिनीनाथ म्हणाला. "तात्यांनी तेवढं ऐकलं न्हाई. म्हणले, पोरीवर इश्वास हाय माझा. दिंद्रुडचा तळ त्यांनी खरा टाकला."

त्याने लॅपटॉप बंद केला. त्यावर खोलीची किल्ली ठेवली. फोनमधून सर्व्हरची चावी तिच्या समोर पुसून दाखवली आणि जिना उतरून गेला. खाली दुकानातून जाताना कुणी त्याला हाक मारली नाही, हे तिला वर ऐकू आलं.

ती बसून राहिली. चांगलं पाठ करून आलाय, असं मनाशी म्हणून बघितलं, पण ते मनाला चिकटेना. तो खोटं बोलत असेल तर तोच चोर. तो खरं बोलत असेल तर ती चोर. आणि ती तर चोर नव्हती. या कोड्यात ती इतका वेळ फिरली की घशाला कोरड पडली, म्हणून पाण्याला खाली आली.

खाली स्टुलावर एक अनोळखी माणूस बसला होता. हातात चहा.

"गाव कोणतं म्हणालात, पाव्हणं?" चन्नप्पा विचारत होते.

"दिंद्रुड."

"अरे वा, दिंद्रुड! तिथले आमचे एक गिऱ्हाईक हायेत. म्हशींसाठी सरकी नेतात. सध्या पोराकडं गेलेत पुण्याला, घराला कुलूप. किल्ली शेजारी दिलीया, म्हशीचं तोच बघतो." चन्नप्पांनी त्या गिऱ्हाइकाच्या गोठ्याची वाट, विहिरीची जागा आणि शेजाऱ्याचं नाव, सगळं उलगडून सांगितलं. पाव्हणे मान डोलवत होते. गल्ला उघडा होता.

"आप्पा, हे तुमच्या ओळखीचे आहेत?" शिवांजलीने हळूच विचारलं.

"न्हाई. आजच आलेत."

"मग?"

"मग काय? दिंद्रुडचे हायेत." चन्नप्पांना तिचा प्रश्न कळलाच नाही. "गाव सांगितलं की त्यांनी."

तो माणूस बिचारा साधा शेतकरी होता, पेंड घेऊन आपल्या वाटेने निघूनही गेला. पण शिवांजली हातात तांब्या धरून तशीच उभी राहिली. मग तांब्या पायरीवर ठेवून ती जवळजवळ पळतच जिना चढली.

तिने परक्याचं सोंग उघडलं. नाव होतं, फोन होता. गावाची जागा मोकळी. तिनेच मोकळी ठेवलेली. आणि आप्पांच्या सल्ल्याने दारातच नियम घातला होता, की गाव नाही त्याला परत पाठव. परका दारावर गेला की सर्व्हर त्याला हाकलत होता खरा. पण हा तळ तुझ्या रानातला आहे का, हे विचारून नाही. गाव नाही म्हणून. तो प्रश्न विचारायच्या आधीच परका परत फिरत होता. सर्व्हर नाही म्हणतो एवढं बघून पडदा हिरवा होत होता. तो का नाही म्हणतो, हे तिने कधी तपासलंच नव्हतं.

तिने मोकळ्या जागेत दिंद्रुड लिहिलं आणि टेस्ट चालवल्या.

पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. परका ज्या ज्या तळापाशी गेला, त्या त्या तळाने त्याला ठिकाण सांगून टाकलं. मागे कधीतरी तिने प्रोग्राम नीटनेटका करायला घेतला होता, तेव्हा खरा प्रश्न विचारणारी ओळच तिच्या हातून गळाली होती. ते सांगायला टेस्ट होत्या. पण ज्याला गाव आहे असा परका तिने कधी कल्पिलाच नव्हता.

तिने सर्व्हरची नोंद उघडली. एका नंबरवरून रोज तळामागून तळ बघितला गेला होता. त्या माणसाला एकदा स्वतःच्या रानासाठी लिंक गेलेली, आणि त्या लिंकच्या शेवटचा आकडा बदलत बदलत तो सगळीकडे फिरून आला होता. लिंबागणेशच्या खोट्या तळावरसुद्धा. नोंदणी पूर्ण. नाव शेतकऱ्याचं, गाव चांगलं नावाजलेलं. तिने तो नंबर पोलीस ठाण्यात कळवला, गळालेली ओळ परत घातली आणि टेबलावर डोकं टेकलं. तिला स्वतःची चीड आली आणि लाजही वाटली. तिच्या स्वतःच्या फोनवर हवा तो तळ उघडत होता, सापळा लावताना सुद्धा. त्या फोनवर ती साधी सभासद होती, केजची एक शिवांजली. तरी तिला कधी खटकलं नाही. आपण घरच्या, आपल्याला दिसणारच, असं तिने धरून ठेवलं होतं.

आता तिने तात्यांच्या तळाची लिंक उघडली. फोनवर अक्षरं आली, 'हे ठिकाण पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही.'

तिने तात्यांना फोन लावला. घाईघाईने सगळं सांगितलं. चूक कुठे होती, नंबर कुणाचा, दार आता कसं बंद झालं.

"गहिनीनाथ तिथे आहे का?" तिने शेवटी विचारलं.

"हाय. आईपाशी."

"कुठे आहात तुम्ही? मी आत्ता निघते. त्याच्यासमोर बोलायचंय मला."

"तळ ज्याच्या रानात, त्यालाच दिसंल," तात्या म्हणाले. "आपलं ठरलंय ना तसं?" मग जरा थांबून, "तुमच्याकडं चावी हाय की. बघा आत डोकावून. तुमाला कोण आडवतंय?"

ते खरं होतं. एक ओळ लिहायची, की तात्यांचा ओढा, बाभळ, सगळं समोर आलं असतं. तिची बोटं की-बोर्डवरच होती. जे केलं म्हणून तिने त्या पोराला घालवला होता, तेच आता तिला करायचं होतं, आणि तेही त्याची माफी मागायला.

"नाही बघणार," ती म्हणाली.

मग तात्यांनी फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दिला.

"बोला, ताई."

"गहिनीनाथ, चूक माझी होती. मी परक्याला गाव दिलं नव्हतं."

"ते ठाव हाय मला. मी इचारलं व्हतं." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तिला तो असता तर बरं वाटलं असतं. "त्यातनं चोर शिरंल हे मलाबी सुचलं न्हाई. मला नुसतं लागलं व्हतं ते. आता कोणतं गाव दिलं?"

तिने पडद्याकडे बघितलं. दिंद्रुड पुसून तिने मघाशीच दुसरं लिहिलं होतं. "केज. नावही माझंच टाकलं."

"मग?"

"मला हाकललं. सगळं हिरवं झालं."

"लाल झालं आसतं तर आलो आसतो, ताई. दुरुस्त कराया. हिरवं झालं म्हणता, तर माझं काय काम तिथं?"

"असं नको म्हणू. तू ये. मी चुकले, मी..."

"आईला आज बायांनी पाण्यावर येऊ दिलं न्हाई," तो म्हणाला. "तुमी फोनवर मला सांगताय, पर ते नाव तुमी फोनवर न्हाई घेतलं. दुकानात घेतलं, चार माणसांत. तिथं बोला." त्याने फोन ठेवला.

शिवांजली जिना उतरली. दुकानात संध्याकाळची गिऱ्हाइकं दाटली होती. सकाळची काही होती, काही नवी होती. चन्नप्पा पोतं मोजून देत होते. तिने बापाच्या हातावर हात ठेवला, तसे ते थांबले.

"मला एक सांगायचंय, सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली. "सकाळी इथे उभं राहून मी गहिनीनाथचं नाव घेतलं. ते खोटं होतं. त्याने काही केलेलं नाही. दार मी उघडं ठेवलं होतं. मेंढरं माझ्यामुळे गेली. हे ज्याला त्याला सांगा, जिथे जाल तिथे सांगा. तो पोरगा चोर नाही."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने पागोटं सारखं केलं. तो आत्ताच आला होता, त्याला मागचं पुढचं काही माहीत नव्हतं, पण निरोप न्यायचा तर तो नीट न्यावा असं त्याला वाटलं असावं.

"सांगतो की," तो म्हणाला. "पर कोण गहिनीनाथ, ते सांगा. गाव कोणतं त्याचं?"

शिवांजलीने बापाकडे बघितलं. चन्नप्पांनी तिच्याकडे बघितलं. पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारणारे चन्नप्पा खाली गल्ल्यावर बसलेले असायचे, आणि रोज त्यांच्यासमोरून तो पोरगा जिना चढत होता. मेंढरामागच्या माणसाला कसलं आलंय गाव, म्हणून त्याला तेवढं कुणी विचारलंच नव्हतं.

म्हातारा उत्तराची वाट बघत उभा राहिला.